वास्तूचे ध्वनिमुद्रण



पाइप ऑर्गनच्या किंवा चर्चमधल्या वृंदगायनाच्या ध्वनिमुद्रिकेबद्दल बोलताना आपण रचनाकाराचे नाव घेतो, कलावंताचे घेतो आणि थांबतो. ज्या वास्तूत ते संगीत झाले, तिचे नाव वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत राहते. माझे म्हणणे असे की, या संगीतापुरते तरी ध्वनिमुद्रण हा आधी वास्तूचा दस्तऐवज असतो आणि तो तसाच ऐकला पाहिजे. संगीत नाटकाच्या साथीचा ऑर्गन आपल्या परिचयाचा आहे. तो पायाने भाता मारून पत्तीवर वाजतो आणि नाटक कंपनीच्या सामानाबरोबर गावोगाव हिंडला. पाइप ऑर्गनची जात निराळी. त्यात हवा नळ्यांत शिरून सूर उमटतो, आणि खर्जाची सर्वांत मोठी नळी १६ फूट, काही ठिकाणी ३२ फूट लांबीची असते. नळ्या कारखान्यात घडतात, पण त्यांचा आवाज शेवटी त्या दालनातच लावला जातो. कारागीर नळीच्या तोंडाची फट किंचित कमीजास्त करतो, दूर जाऊन ऐकतो, पुन्हा हात लावतो. म्हणजे वाद्य पुरे होते तेच मुळी त्या भिंतींच्या साक्षीने.

यावर कोणी म्हणेल, ऑर्गनही हलवलेले आहेत. खरे आहे, आणि तेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. आर्प श्निटगर या जर्मन कारागिराने १६८० साली हॅम्बुर्गच्या सेंट योहानिस चर्चसाठी बांधलेला ऑर्गन १८१६ मध्ये कॅपेल या खेड्यातल्या चर्चमध्ये गेला. हेल्मुट वाल्खा या अंध वादकाने बाख या रचनाकाराच्या ऑर्गनरचना मुद्रित करताना १९५० च्या सुमारास हेच वाद्य निवडले. वाल्खा एकेक स्वरपंक्ती स्वतंत्रपणे पाठ करून मग त्या एकत्र गुंफत असे. त्या पंक्ती या मुद्रिकांत सुट्या आणि स्वच्छ ऐकू येतात, याचे श्रेय त्याच्या बोटांबरोबर त्या लहानशा चर्चलाही आहे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये सुराचा नाद विरायला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. तिथे तीच रचना त्याच लयीत वाजवली तर एका पंक्तीची शेपटी दुसरीच्या डोक्यावर पडेल. नळ्या गाडीवर घालून नेता येतात, खोली नेता येत नाही.

तंत्राचा इतिहासही हेच सांगतो. १९२५ च्या आधी मुद्रणासाठी कलावंताला आवाज गोळा करणाऱ्या भोंग्यासमोर बसावे लागे, आणि ऑर्गन काही भोंग्यासमोर आणता येत नव्हता. विद्युत मायक्रोफोन आला तेव्हा यंत्रच चर्चमध्ये गेले. ऑर्गनवादक अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९३५ मध्ये लंडनच्या ऑल हॅलोज बाय द टॉवर या चर्चमध्ये बाखचे मुद्रण केले. तबकडीच्या एका बाजूला चार-पाच मिनिटे मावत, म्हणून लांब रचनेचे तुकडे करणे भाग होते. १९४० च्या बॉम्बफेकीत ते चर्च उद्ध्वस्त झाले आणि ऑर्गनही गेला. चर्च पुढे पुन्हा उभे राहिले. पण १९३५ चा तो ऑर्गन त्या जुन्या भिंतींत कसा घुमत असे, हे आज त्या खरखरत्या तबकड्यांवाचून कशातून ऐकणार? बाखची रचना दुसऱ्या कोणाकडूनही ऐकता येईल.

खरा आक्षेप श्रद्धावानांचा आहे. हे संगीत उपासनेसाठी आहे. उपासना वजा केली तर उरते काय? आक्षेपात तथ्य आहे. मुद्रण बहुधा रिकाम्या चर्चमध्ये होते. भरलेल्या बाकांवरची माणसे आणि त्यांचे कपडे नाद शोषून घेतात, म्हणून मुद्रिकेतला घुमारा रविवारच्या प्रार्थनेतल्या घुमाऱ्याहून लांबतो. पण यातून सिद्ध एवढेच होते की, मुद्रिका म्हणजे उपासना नव्हे. तसा दावा तिने करू नये. मंदिराचा नकाशा पूजा करत नाही, म्हणून नकाशा खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे: मुद्रण परंपरा गोठवते आणि चुकीची गोष्ट जुनी म्हणून खपवते. आल्लेग्री या रचनाकाराची ‘मिझेरेरे’ सतराव्या शतकात रोमच्या सिस्टीन चॅपेलसाठी रचली गेली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदाने डेव्हिड विलकॉक्स यांच्या दिग्दर्शनाखाली १९६३ मध्ये ती इंग्रजीत मुद्रित केली आणि रॉय गुडमन या मुलाचा उंच तार सूर जगभर गेला. तो सूर आल्लेग्रीचा नाही. पुढच्या काळातल्या वेगवेगळ्या नोंदींची सांधेजोड होताना तो रचनेत शिरला, असे अभ्यासक मानतात. तरी बहुसंख्य श्रोत्यांसाठी तीच खरी ‘मिझेरेरे’ झाली. येथे दोष मुद्रणाचा की ऐकण्याचा? या मुद्रिकेकडे सतराव्या शतकातल्या रोमचा पुरावा म्हणून पाहिले तर ती फसवते. १९६३ चे केंब्रिज, किंग्ज कॉलेजच्या चॅपेलचे दगडी छत आणि तिथली मुलांच्या आवाजाची शिस्त यांचा पुरावा म्हणून पाहिले, तर तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. अशा प्रत्येक मुद्रिकेवर वास्तू, ऑर्गनचा कारागीर, वाद्याची डागडुजी कधी झाली ते साल, मायक्रोफोनची जागा आणि चर्च भरलेले होते की रिकामे, ही माहिती कलावंताच्या नावाइतक्याच ठळकपणे छापावी. संगणकावर कृत्रिम घुमारा चढवला असेल तर तेही सांगावे. तो चढवण्यात पाप नाही, लपवण्यात आहे. संग्रहालयांनीही या मुद्रिका केवळ रचनाकारांच्या नावाने न लावता स्थळांच्या नावानेही लावाव्यात. म्हणजे एखादे चर्च दुरुस्त करणाऱ्या वास्तुविशारदालासुद्धा त्या उपयोगी पडतील, आणि आपण काय ऐकतो आहोत हे श्रोत्यालाही नेमके कळेल.