वाचनखुणांची सामायिक वही

संगणकाच्या साहाय्याने माहिती शोधणे आज सुलभ झाले आहे. एकदा सापडलेली माहिती पुन्हा सापडणे मात्र तितकेसे सुलभ नाही. एखाद्या विस्तार अधिकाऱ्याने पाणीपुरवठ्याविषयीचे शासन निर्णय, भूजलाचे अहवाल, यशस्वी गावांची माहिती दोन वर्षे शोधावी, त्या पानांच्या वाचनखुणा कार्यालयातील संगणकावर करून ठेवाव्यात, आणि त्याची बदली होताच नव्या अधिकाऱ्याने तोच शोध पहिल्यापासून आरंभावा, हे चित्र अपरिचित नाही. संगणक जागेवरच राहतो. कोणती खूण कशासाठी केली होती, हे सांगणारा निघून जातो.

या अडचणीवरील एक उपाय म्हणजे सामायिक वाचनखुणा होत. वाचनखूण स्वतःच्या संगणकात न ठेवता इंटरनेटवरील संग्रहात ठेवावयाची, तिला विषयदर्शक शब्द, म्हणजे टॅग, जोडावयाचे आणि तो संग्रह सहकाऱ्यांना खुला करावयाचा, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेतील जोशुआ शॅक्टर यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या ‘डिलिशस’ या सेवेने ती लोकप्रिय केली. तत्पूर्वी ते स्वतःला सापडलेले दुवे एका साध्या फाइलीत लिहून प्रत्येकापुढे एखादा ओळखीचा शब्द टाकीत असत. त्या घरगुती सवयीतूनच ही सेवा जन्माला आली.

टॅगचे वैशिष्ट्य असे की, कपाटातील कागद एकाच फाइलीत राहतो, पण एकच दुवा ‘शाळा’, ‘स्वच्छता’ आणि ‘अनुदान’ या तिन्ही शब्दांखाली सापडू शकतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणातही एका विषयाकडे अनेक अंगांनी पाहण्याची सोय होती. मात्र तेथे नियम होते. येथे प्रत्येकजण आपल्या मनाचा धनी. परिणामी एकजण ‘पाणीपुरवठा’ लिहितो, दुसरा ‘पाणी पुरवठा’, तिसरा ‘नळयोजना’. यंत्राच्या दृष्टीने हे शब्द निरनिराळेच! काही सेवांत तर शब्दांमधील मोकळी जागा हीच टॅगची सीमा मानली जात असल्याने ‘पाणी पुरवठा’चे दोन टॅग होतात. म्हणून शिक्षकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या गटाने वीस-पंचवीस शब्दांची यादी, लेखनासह, आधी ठरवून घ्यावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळल्यास संग्रहाची अडगळ होण्यास वेळ लागत नाही.

याहून गंभीर प्रश्न संग्रहाच्या आयुष्याचा आहे. ‘डिलिशस’ 2005 मध्ये ‘याहू’ कंपनीने विकत घेतली. 2010 च्या अखेरीस ती बंद होणार असल्याचे वृत्त फुटले आणि हजारो वापरकर्त्यांची आपापले दुवे अन्यत्र हलविण्यासाठी धावपळ उडाली. पुढे मालक बदलत गेले. 2017 मध्ये ‘पिनबोर्ड’ या सेवेने ती घेऊन तेथे नवी नोंद करणे बंद केले. शास्त्रीय लेखांच्या नोंदींसाठी नावाजलेली ‘साइटयूलाइक’ 2019 मध्ये, तर ‘पॉकेट’ 2025 मध्ये बंद झाली. वर्षानुवर्षांचे श्रम परक्याच्या कोठारात ठेवताना हा इतिहास विसरता येत नाही.

सबब, ज्या सेवेतून संपूर्ण संग्रह फाइलीच्या रूपाने बाहेर काढता येतो, तीच निवडावी व ती फाइल ठराविक मुदतीने उतरवून कार्यालयात जपावी. ‘दीगो’मध्ये पानावरील महत्त्वाचा मजकूर रंगवून गटाला दाखविता येतो. जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 मध्ये सिद्ध झालेले ‘झोटेरो’ विनामूल्य असून त्यात गटाचे ग्रंथालय उभारता येते व संदर्भसूचीही तयार होते. शोधनिबंध लिहिणाऱ्या शिक्षकांना ते अधिक सोयीचे ठरावे.

साधन कोणतेही असो, दुव्याखाली दोन ओळींचे टिपण अवश्य असावे : पानावर काय आहे, ते का जपले आणि कोणत्या दिनांकास पाहिले. पाने हलतात, नाहीशी होतात. टिपण असल्यास निदान काय शोधावयाचे ते कळते. शासन निर्णयाच्या टिपणात विभागाचे नाव, दिनांक व निर्णयावर छापलेला संकेतांक उतरवून ठेवावा. दुवा बदलला तरी त्या अंकांवरून शासनाच्या संकेतस्थळावर मूळ निर्णय शोधता येतो.