ट्राम गेली, रस्ता कोणाचा?



दादरला 'टीटी' नावाची एक जागा आहे. टॅक्सीवाल्याला नुसते 'टीटी' म्हटले की पुरे. पण ही दोन अक्षरे कशाची, असे विचारले तर पुष्कळ जण डोके खाजवतील. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

ट्राम वाटेत येते, रहदारी अडवते, अशी तेव्हाची तक्रार. बरे, मग ट्राम गेल्यावर रस्ते मोकळे झाले का? मोकळी झालेली जागा मोटारींनी घेतली आणि बस त्यांच्या गर्दीत अडकून पडली. खरे पाहता ट्राम मोटारींच्या वाटेत येत नव्हती. मोटारीच तिच्या वाटेत येत होत्या. पन्नास माणसांची बस एका माणसाच्या मोटारीमागे तिष्ठत उभी राहते, हा कुठला न्याय?

आता एक दूरचा दाखला देतो. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग नावाचे शहर आहे. तिथली जुनी ट्राम १९६० साली, म्हणजे मुंबईच्याही आधी, बंद पडली. पुढे १९८९ ची नगरपालिकेची निवडणूक याच प्रश्नावर रंगली: जमिनीखालून आगगाडी न्यायची, की रस्त्यावर पुन्हा ट्राम आणायची? दुकानदार म्हणत, मोटारी बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार कसे? ट्रामचा पक्ष घेणाऱ्या कॅथरीन ट्राउटमान निवडून आल्या. जमिनीखालचा मार्ग खर्चिक तर होताच, शिवाय त्याने वरचा रस्ता मोटारींनाच राहिला असता. त्यांनी १९९२ साली, ट्राम येण्याच्या आधीच, शहराच्या मधल्या चौकातून मोटारींची ये-जा बंद केली. ट्राम आली १९९४ मध्ये. आणि १९९५ ला लोकांनी त्याच बाईंना पुन्हा निवडून दिले.

म्हणजे आधी रस्ता, मग रूळ. हलकी रेल्वे म्हणा, ट्राम म्हणा, बस म्हणा. तिला स्वतःची वाट नसेल तर ती नुसती महागडी बस होते. आपल्याकडे पुण्यात २००६ साली स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बसला वेगळी मार्गिका दिली. कल्पना चांगली होती. पण तिच्यात दुचाक्या शिरू लागल्या आणि त्यांना हटकणारे कोणी उरले नाही. रंगाचा पट्टा मारला की मार्गिका होत नाही!

मुंबईत बेस्टच्या गाड्या एके काळी चार हजारांवर होत्या. २०२५ साली त्या तीन हजारांच्याही खाली होत्या. भाडे २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणले, २०२५ मध्ये पुन्हा दहा केले. भाड्यावर ओरड होते, आणि ती व्हावीच. पण पहाटे चार घरची धुणीभांडी करायला निघालेल्या बाईला विचारा. ती सांगेल, "दहा रुपये देते हो, पण गाडी येऊ तर द्या!" तिचा अर्धा तास थांब्यावर गेला की एक घर सुटते, आणि महिनाअखेर तेवढा पगार कापला जातो.

तेव्हा तुमच्या वॉर्डात बससाठी अर्ज करायचा असेल तर 'सेवा सुधारावी' असे मोघम लिहू नका. तसल्या अर्जाला 'नोंद घेतली' एवढेच उत्तर मिळते. चार जण मिळून आठवडाभर थांब्यावर उभे राहा. कोणती गाडी किती वाजता आली, भरून थांबली की न थांबताच गेली, किती माणसे मागे राहिली, ते वहीत टिपा. बस कोणत्या चौकात किती मिनिटे अडकते, तेही मांडा. त्या चौकापुरती मार्गिका मागा, आणि तिच्यावर पहारा कोण ठेवणार तेही विचारा. अर्जाची एक प्रत नगरसेवकाकडे द्या, पोच घ्या, आणि पुढच्या महिन्यात तीच वही घेऊन पुन्हा जा.