लोणारच्या काठावरचे जागतिक शिक्षण

उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणावरची परिषद बुलढाण्यात कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. या धोरणाचे ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर पडते, हे कापूस-सोयाबीनवर घर चालते तिथे लपत नाही, म्हणून.

विदर्भाला परदेशी शिक्षण नवे नाही. पापळच्या शेतकरी कुटुंबातले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये विलायतेला गेले, एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले आणि परतल्यावर १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला. खेड्यापाड्यांतल्या किती पिढ्या त्या एका माणसाच्या शिक्षणावर शिकल्या! पण त्याच काळात डॉ. आंबेडकरांना बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपताच १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. एवढ्या बुद्धिमत्तेलाही पैशाने अडवले. परदेशी शिक्षणाचा लाभ कोणाला मिळणार, हे गुणवत्तेइतकेच जोखीम कोण उचलतो यावर ठरते, हे माझे म्हणणे आहे. आणि आज ती जोखीम आपण जवळजवळ सगळी कुटुंबावर टाकली आहे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. शेतजमीन २००२ च्या सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्यातून वगळलेली असल्याने ती तारण म्हणून घ्यायला त्या सहसा राजी नसतात. ही सूट शेतकऱ्याची जमीन वाचवते, ती काढावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण परिणाम असा, की शहरात फ्लॅट असणाऱ्याचा मुलगा जातो आणि शेत हीच ज्याची मालमत्ता, त्याची मुलगी प्रवेशपत्र हातात असून थांबते. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मोलाची आहे, पण तिच्या जागा मोजक्याच. आणि जे जातात तेही सुरक्षित असतातच असे नाही; २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थी अर्धवट शिक्षणानिशी परतले, तेव्हा कर्जाचे हप्ते पालकांच्याच माथी राहिले.

यावर कोणी म्हणेल, आता परदेशी विद्यापीठेच नवी मुंबईत येत आहेत, मग अडचण काय? अडचण ही, की प्रवेशाचे निकष आणि शुल्क ठरवण्याचा अधिकार यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी त्यांनाच दिला आहे. मेहकरच्या विद्यार्थ्याला अंतर कमी झाले, खर्च किती कमी होईल हे त्या विद्यापीठांच्या मर्जीवर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या महाविद्यालयांत प्रयोगशाळा धड नाहीत, तिथे जागतिक शिक्षणाची भाषा कशाला? तर लोणार आपल्या दारात आहे म्हणून. बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले हे विवर जगात फार दुर्मीळ. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून त्याचे पुरावे 'सायन्स' नियतकालिकात मांडले, २०२० मध्ये सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. संशोधक येतात, नमुने घेऊन जातात. पण वर्षभर, ऋतूंमागून ऋतू पाण्याची क्षारता, पातळी आणि त्यातले सूक्ष्मजीव नोंदवत राहायला माणूस काठावरचाच लागतो. आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना हे काम नेमून द्या, त्याचे श्रेयांक द्या, शोधनिबंधावर त्यांचे नाव येऊ द्या. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही, तारण लागत नाही. इंग्रजीही कामाच्या ओघात येते.

म्हणून स्वागत समितीची या परिषदेकडे एक मागणी आहे. लोणारवर काम करणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रकल्पात जिल्ह्यातले किमान एक महाविद्यालय भागीदार असावे, अशा कराराचा मसुदा इथे तयार व्हावा आणि तो संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे पाठवावा. पहिल्या सत्रातच तो चर्चेला घ्यावा, अशी विनंती मी अध्यक्षांना करतो.