सांधा



सिल्वासात घरीच सीएनसी यंत्र बांधणारा माझा एक विद्यार्थी संधिप्रकरणात कच्चा होता. मी त्याला मठ्ठ म्हटले होते. परवा त्यानेच मला दातेरी पट्ट्यांचा सांधा शिकवला. मॉड्यूल १ च्या पट्टीत दात्यापासून दात्याचे अंतर ३.१४ मिलिमीटर, सांध्यावरही तेवढेच हवे. टोके नुसती भिडवली, तर अंतर चुकते आणि पुढचे सारे दाते तेवढेच सरकतात. म्हणून तशाच पट्टीचा तिसरा तुकडा उलटा धरून दोहोंच्या दात्यांत बसवायचा, क्लॅम्पने आवळायचा, मगच बोल्ट कसायचे. शेवटी तुकडा काढून घ्यायचा.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते गुरुजी असेच दोन पिढ्यांमध्ये बसले, आणि अलगद बाजूला झाले. मी मात्र टोके नुसती भिडवीत राहिलो.