दमयंतीचा हंस

कार्तिक लागला की वऱ्हाडातील भाविकांची पावले कौंडण्यपुराकडे वळतात. अमरावतीपासून चाळीसएक किलोमीटरांवर, वर्धा नदीच्या काठी टेकाडावर वसलेले हे लहानसे गाव म्हणजेच प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. रुक्मिणीचे हे माहेर. आषाढीसाठी तिची पालखी येथून पंढरपुरास जाते, आणि ही वहिवाट इ. स. १५९४ पासूनची सांगतात. ती कथा आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा तीत मी शिरत नाही. मला आज बोलावयाचे आहे ते कुंडिनपुराच्या दुसऱ्या एका राजकन्येविषयी, किंवा खरे सांगावयाचे तर तिच्याकडे आलेल्या पाहुण्याविषयी.

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिरास नलाची कथा सांगतात. निषधराज नलाने उपवनात एक सोनेरी हंस धरला. मला सोडशील तर दमयंतीजवळ तुझी अशी वाखाणणी करीन की तिच्या मनात दुसरा पुरुष येणार नाही, असे हंसाने विनविले. नलाने त्यास सोडले, आणि तो सारा थवा उडून विदर्भात दमयंतीपुढे येऊन उतरला. रघुनाथपंडिताच्या नलदमयंतीस्वयंवराख्यानाने हा हंस मराठी घराघरांत नेऊन पोचविला. परंतु तो आपण पाहिला आहे काय, असे कोणी विचारले, तर आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो राजा रविवर्म्याच्या चित्रातला, लांब वळणदार मानेचा पांढराशुभ्र पक्षी. तशी मान असलेला पक्षी हिंदुस्थानात क्वचितच चुकून येतो. फोगेल नावाच्या डच पंडिताने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संपूर्ण ग्रंथात असे प्रतिपादन केले, की आपल्या जुन्या वाङ्मयातला आणि शिल्पातला हंस हा बदकांच्या कुळातला, आखूड मानेचा, रानटी हंसच होय. आणि तो हंस, श्रोते हो, दर हिवाळ्यात आपल्या विदर्भात उतरतो.

मराठीत त्याला पट्टकादंब म्हणतात. अंग राखी, डोके पांढरे, आणि डोक्याच्या मागील बाजूस काळे दोन आडवे पट्टे. चोच व पाय पिवळे-नारिंगी. वजन दोन-तीन किलो. सोनेरी म्हणण्याजोगे त्यात काही नाही, हे मला मान्य आहे. मात्र पौषातल्या सकाळी कोवळे ऊन अंगावर पडलेला थवा ज्याने एकदा पाहिला, तो महाभारतकारांना खोटे ठरविण्याच्या भरीस पडणार नाही.

आता योगायोग पाहा. कौंडण्यपुराच्या वरच्या अंगाला, मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे, याच वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण झाले. त्याच्या जलाशयास नाव दिले ते नल-दमयंती सागर. अमरावतीकरांच्या घरी नळाला जे पाणी येते ते येथूनच. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात कथा होती. पक्षी बहुधा नसावेत. पक्ष्यांना नावाशी कर्तव्य नव्हते, त्यांना विस्तीर्ण उथळ पाणी आणि काठचे कोवळे गवत हवे होते. असल्या मोठ्या जलाशयांवर अश्विन-कार्तिकापासून थवे उतरू लागतात. चक्रवाक येतात, शेपटीला लांब टोक असलेली तलवार बदके येतात, फावड्यासारख्या चोचीचे थापटे येतात. चक्रवाकाचे जोडपे रात्री ताटातूट होऊन आक्रंदते, असे आपले कवी सांगत आले. त्यात एवढे खरे आहे की हे पक्षी रात्रीही चरतात आणि अंधारात एकमेकांस साद घालतात. कवीने ऐकले ते बरोबर. अर्थ मात्र त्याने आपल्या विरहाचा लावला.

हे हंस येतात कोठून? लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या सरोवरांवरून, तिबेटातून, थेट मंगोलियापासून. तेथे ते घरटी करतात, पिले वाढवितात, आणि थंडी पडू लागताच हिमालय ओलांडून इकडे येतात. लहानसे यंत्र बसवून त्यांचा माग काढण्याचे प्रयोग या शतकात झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०११ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांवरून दिसले की वाऱ्याच्या पाठबळाची वाट न पाहता, केवळ पंखांच्या बळावर, सातआठ तासांत हा पक्षी हिमालयाची मुख्य रांग चढून जाऊ शकतो. उड्डाण बहुधा रात्री किंवा पहाटे, कारण थंड हवा दाट असते व पंखांना अधिक आधार देते. क्वचित सात हजार मीटरांवरही त्याची नोंद झाली आहे. परंतु शिखरांवरून मिरवीत जाण्याची हौस त्याला नाही. तो दऱ्याखोऱ्यांच्या आश्रयाने, जमिनीच्या चढउताराबरोबर आपणही चढत-उतरत, खिंडी शोधीत जातो.

हे वाचले तेव्हा मला मेघदूत आठवले. यक्ष मेघाला वाट सांगताना क्रौंचपर्वतातील भगदाडाचा उल्लेख करतो आणि त्यास हंसांचे द्वार म्हणतो. हंस पर्वताला वळसा घालीत नाहीत, माथ्यावरूनही जात नाहीत, तर खिंडीतून जातात, हे कालिदासाच्या काळी कोणास तरी माहीत होते! त्याच कवीने मात्र हंसांना आषाढापर्यंत इकडे थांबवून धरले आहे, आणि ते काही जमत नाही. फाल्गुन-चैत्रातच ते निघून जातात. मेघाला सोबत हवी होती, म्हणून कवीने पंचांग थोडे पुढेमागे केले. एवढी सवलत त्याला द्यावयास हरकत नाही.

आपण त्यांना पाहुणे म्हणतो. पण वर्षातील पाच-सहा महिने जो येथे काढतो, त्याला पाहुणा म्हणावे काय? रुक्मिणी पंढरपुरी नांदते आणि तिचे माहेर येथे. हंसांचा जन्म तिकडचा, निम्मे आयुष्य इकडचे.

पाहावयास जावयाचे तर मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. पहाटे अंधार असतानाच काठावर पोचावे आणि झुडपाच्या आडोशाने बसून राहावे. हंस रात्री शेतांत चरतात व उजाडता उजाडता पाण्याकडे परततात; तो परतीचा कल्लोळ ऐकला म्हणजे झोपमोडीचे सार्थक होते. कपडे मातकट असावेत, दुर्बीण अवश्य असावी, आणि दोनशे पावलांच्या आत जाण्याचा मोह टाळावा. हा शेवटचा उपदेश मी अनुभवाने करतो. काही वर्षांपूर्वी दोन मित्र आणि त्यांची मुले घेऊन मी असाच एका जलाशयावर गेलो होतो. चाळीसएक हंस काठाशी स्वस्थ बसलेले. मुलांना डोक्यावरचे पट्टे दिसावेत म्हणून मी सर्वांना पुढे नेले, आणखी पुढे नेले; आणि एकाएकी सारा थवा उठला व पलीकडच्या तीरापार दिसेनासा झाला. जवळच जाळे सोडवीत बसलेला एक म्हातारा भोई हे पाहत होता. तो म्हणाला, "बसाले पायजे होतं ना बाप्पा! उभा मानूस दिसला का थे उडते. सकाळपासून तीन डाव उठवले त्याइले." त्या तीन वेळांतली एक आमची होती. एरवी ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु माघ संपण्यापूर्वी या पक्ष्याला अंगात चरबी साठवून घ्यावी लागते, कारण पुढे हिमालय आहे. आपण त्याला उगाच उडविले की त्या शिदोरीतली मूठभर आपण सांडली. हल्ली छायाचित्रासाठी ड्रोन नावाचे यंत्र थव्यावर घिरट्या घालीत सोडणारे लोक असतात. त्यांच्यापुढे आमचा अपराध लहानच, पण जात तीच.

दुसरी एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. हिवाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरते, काठची गाळाची जमीन उघडी पडते, आणि तीत गाळपेर होते. गहू, हरभरा पेरतात. हे पेरणारे पुष्कळदा तेच लोक असतात ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. ऊर्ध्व वर्धेच्या प्रकल्पग्रस्तांचे दुःख तर इतके जुने आहे की २०२३ च्या ऑगस्टात त्यांना मुंबईस मंत्रालयात जाऊन तेथील संरक्षक जाळीवर उड्या घ्याव्या लागल्या. हंसाला कोवळा हरभरा गवताइतकाच गोड लागतो. आम्ही शहरवासी त्या धरणाचे पाणी पितो, तेथला सूर्योदय पाहतो, आणि 'काय सुंदर थवा!' म्हणून परततो. त्या थव्याच्या जेवणाचे मोल कोणी द्यावयाचे, हे आम्हांला कोणी विचारीत नाही. काठच्या शेतकऱ्याने हंसावर दगड भिरकावला तर त्याला रानटी म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे, असे मला वाटत नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या पिकांच्या नुकसानीची भरपाई सरकार देते. हरणा-डुकरांबरोबर त्या हिशेबात हंसही धरला जावा, हे मागणे पक्षिप्रेमी मंडळींनीच पुढे होऊन करावयास हवे.

नदीचेही तसेच. कौंडण्यपुराच्या वर सिंभोऱ्याचे धरण, खाली धनोडीचे निम्न वर्धा धरण, आणि मधल्या पात्रातली वाळू उपसणाऱ्यांच्या गाड्या. ज्या वाळवंटावर यात्रेकरू बसतात, तसल्याच उघड्या वाळूत फाल्गुन ते वैशाख या दिवसांत नदी सुरय हा पिवळ्या चोचीचा डौलदार पक्षी, नुसता खळगा करून, अंडी घालतो. वाळू गेली की त्याला दुसरी जागा नाही. जगातील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत त्याचे नाव आता आले आहे. उन्हाळ्यात नदीकाठी गेलात आणि डोक्यावर ओरडत घिरट्या घालणारा सुरय दिसला, तर पायाखाली पाहून माघारी फिरा. अंडी जवळच आहेत असे समजा.

आपल्यापैकी ज्यांना नुसत्या पाहण्यापलीकडे काही करावयाचे असेल, त्यांच्यासाठी एक सोय आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते आणि तीत कोणीही हौशी माणूस भाग घेऊ शकतो. शाळेतल्या मुलांना बरोबर न्यावे. हंस मोजण्याइतके गणित त्यांना येतेच, आणि चुपचाप बसण्याची सवयही लागते.

ज्यांना प्रकृतीमुळे वा कामामुळे इतके लांब जाणे होणार नाही, त्यांनी फाल्गुनातल्या एखाद्या स्वच्छ रात्री गच्चीवर अंथरूण टाकावे. शहराचा आवाज निवल्यावर, बारा-एकच्या सुमारास, उत्तरेकडे जाणारा नाकातून काढल्यासारखा 'आंग, आंग' असा स्वर वरून ऐकू आला, तर घरातल्यांना उठवावे. दिसणार काहीच नाही. पण ते निघाले आहेत.