काळीच्या पोटात



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या गुरुजींच्या हाताखाली या किलवणीच्या शाळेत मी दोन वर्षे काम केले. तेव्हा मी नुकताच कृषी पदवीधर झालो होतो आणि आपल्याला मातीविषयी सारे काही कळते, अशी माझी समजूत होती. ती समजूत पुढे मातीनेच उतरविली. त्या गोष्टीचा कबुलीजबाब द्यावा आणि त्यानिमित्ताने आपल्या पायाखालच्या काळ्या मातीची ओळख करून द्यावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आपल्यापैकी जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, गुरुजी दर वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर मुलांकडून आवारात एक खड्डा खणून घेत. छातीइतका खोल खड्डा झाला, की ते मुलांना एकेक करून आत उतरवीत आणि भिंतीकडे बोट दाखवून विचारीत, "रंग कुठे बदलला? ओल कुठे लागली? मुरूम कुठे आला?" मग खड्डा बुजविला जाई. मी एकदा त्यांना म्हणालो, "गुरुजी, हे सारे पुस्तकात आकृतीसह दिलेले आहे." ते हसले आणि म्हणाले, "पुस्तकातला खड्डा पुस्तकाच्या गावचा असतो." हे वाक्य मी ऐकले खरे, पण त्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आपले किलवणी पावसाचे गाव. सिल्वासाच्या या परिसरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उतारावरची माती लालसर आणि उथळ, तिच्यावर नागली. सखल भागातली माती काळसर आणि चिकट, तिच्यात भात. खालचा खडक मात्र एकच, काळा बेसाल्ट. हाच खडक सह्याद्री ओलांडून सोलापुरापर्यंत आणि पुढेही पसरला आहे. माझे गाव त्या बाजूचे. तिथे वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. खडक तोच, पण पाऊस बदलला आणि मातीचा स्वभावच पालटला. किलवणीत पावसाचे पाणी खडकातून सुटणारा चुना आणि क्षार धुऊन नदीला नेते. कोरड्या देशात ते नेणारे पाणीच नसते. म्हणून तिथे ते मातीच्या पोटातच साठून राहतात.

खोल काळी माती केवळ बेसाल्टवरच तयार होते असे नाही. यवतमाळ जिल्ह्यातील वणी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना, राजुरा या भागांत चुनखडक आहे. त्यावरच तिथले सिमेंटचे कारखाने उभे आहेत. त्या मुलखातही कपाशी पिकविणारी काळीच जमीन आढळते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात चुनखडकाचे विस्तीर्ण पठार आहे. त्याच्या कोरड्या भागात, सखल जागी, अशीच जड माती साठलेली असते आणि तिच्यावर गुरे चरतात. बेसाल्टची खनिजे झिजतात तेव्हा त्यांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटते आणि त्यांच्या सान्निध्यात फुगणारी चिकणमाती घडते. चुनखडकाचे तसे नाही. त्यातला चुना पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि खडकात मुळापासून अडकलेली चिकणमाती मागे उरते. दोघांच्या वाटा निराळ्या, पण मुक्काम एकच. म्हणून सोलापूरच्या माळावरचा मेंढपाळ आणि टेक्सासचा गुराखी यांची भाषा वेगळी असली, तरी उन्हाळ्यात दोघांच्याही पायांखाली सारख्याच भेगा पडतात.

या भेगांचे कारण समजून घेऊ. चिकणमातीचा कण दोन-सहस्रांश मिलिमीटरहूनही लहान असतो. काळ्या मातीत अशा कणांचे प्रमाण अनेकदा निम्म्याच्या आसपास असते. हे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधल्या जागेत शिरते. पाणी शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा काही ठिकाणी मीटरभर खोल जातात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते. पावसाळ्यात खालची माती फुगू पाहते, तेव्हा तिला जागा पुरत नाही. मग मातीचे ढेप एकमेकांवर घासत वर सरकतात. खड्डा खणला तर या घासण्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. तिरप्या, गुळगुळीत आणि हात फिरविला तर घोटल्यासारख्या लागतात. मातीने मातीवर केलेले हे पॉलिश आहे. न नांगरलेल्या माळावर याच हालचालीने जमिनीला उंचवटे आणि खळगे पडतात. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचा त्यासाठीचा 'गिलगाई' हा शब्द आज जगभरच्या मृदाशास्त्रात रूढ झाला आहे.

आता या मातीचे आणि पाण्याचे नाते पाहा. वळवाचा पहिला जोरदार पाऊस भेगांतून थेट खाली उतरतो आणि जमीन तळापासून भिजू लागते. मग भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी आत घेईनाशी होते; उरलेला पाऊस वरून वाहून जातो. मात्र जे पाणी आत गेले, ते ती जपून ठेवते. मीटरभर खोलीच्या काळ्या जमिनीत पिकाला उपयोगी पडणारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावू शकते. मंगळवेढ्याची शाळू ज्वारी पाऊस संपल्यानंतर पेरतात आणि ती या साठ्यावर उभी राहते. मोहोळच्या केंद्रातून निवडलेली 'मालदांडी ३५-१' ही जात याच ओलीच्या भरवशावर घरोघर पोचली. कोळप्याने भेगा बुजवीत राहायचे आणि वाफसा साधायचा, हे आमच्या बापजाद्यांचे शास्त्र होते.

परंतु ही माती जितकी साठविते, तितकीच घट्ट धरूनही ठेवते. हलकी सर आली तर ते पाणी वरच्या दोन बोटांतच अडकते आणि उन्हाने उडून जाते. मुळांपर्यंत काही पोचत नाही. तीच सर मुरमाड माळावर पडली, तर पाणी खोल उतरते आणि गवत चार दिवसांत हिरवे होते. म्हणून अवर्षणाच्या वर्षी गुराखी आधी हलक्या रानाकडे वळतो आणि भारी रानाची आशा मोठ्या पावसानंतर धरतो. भारी जमीन ही श्रीमंत, पण हात आखडता घेणारी. पीक पाहून तिच्याविषयी मत बनविणाऱ्याला दोन वर्षांत दोन वेगळ्या जमिनी दिसतील.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीची 'काळी' आणि 'पांढरी' अशी जी वाटणी केली, तिचे मर्मही येथेच आहे. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथाच्या वाचकांना हे शब्द परिचित असतील. पांढरी माती फारशी फुगत नाही. तिच्या भिंती टिकतात, धाब्यावरही तीच पसरतात. काळीवर घर बांधले, तर दर वर्षी पाया उचलला जातो आणि दर वर्षी खचतो. भिंतीला तिरपी चीर जाते. ती गवंड्याच्या हाताचीच चूक असेल असे नाही. जागा निवडणाऱ्याचीही असू शकते.

आता चुन्याकडे येऊ. काळ्या मातीचा रंग पाहून ती खताने समृद्ध असावी असे वाटते. प्रत्यक्षात कोरड्या भागात तिच्यातील सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी भरतो. चुना मात्र सर्वत्र असतो. ढेकळावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले, की ते फसफसते. खोलवर हा चुना खड्यांच्या रूपाने गोठतो. खडे किती खोलीवर लागतात, यावरून पावसाचे पाणी साधारण कुठवर पोचते याचा अंदाज येतो; मात्र काही खडे जुन्या, वेगळ्या हवामानाचेही असतात. चुन्यामुळे माती विम्लधर्मी होते, स्फुरद जखडून राहते, लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. हे दोष सोसता येतात. खरा धोका निराळाच आहे, आणि तो मी माझ्या घरच्या आठ एकरांत पाहिला.

येथून नोकरी सोडून मी गावी गेलो, त्या सुमारास आमच्या शिवारात पाटाचे पाणी आले. आमची जमीन खोल काळी, पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची. मी वडिलांना म्हणालो, "अण्णा, आता ऊस लावू." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खाली काय आहे ते बघितलंस का?" मी माती तपासली होती, पण वरची, वीतभर खोलीची. तिचे आकडे चांगले होते. ते मी त्यांना दाखविले. पदवी माझ्याजवळ होती, त्यामुळे त्यांनी पुन्हा विचारले नाही.

तीन वर्षे ऊस उत्तम आला. चौथ्या वर्षी सखल कोपऱ्यात पांढरी झाक दिसली. सहाव्या वर्षी त्या कोपऱ्यात उसाची उगवणही होईना. माती वाळली की दगडासारखी होई, भिजली की साबणासारखी. पाणी दिले, तर ते दोन-दोन दिवस वरच उभे राहे. आमच्याकडे अशा जमिनीला 'चोपण' म्हणतात. तेव्हा मी खड्डा खणला. साडेतीन फुटांवर चुनखडीचे खडे लागले आणि त्यांच्याखाली घट्ट, निचरा नसलेली चिकण माती. खड्ड्यात पाणी झिरपून उभे राहिले. दोन माणसांचे एका दिवसाचे काम होते ते. सहा वर्षांपूर्वी केले असते, तर आठ एकरांतले चार एकर वाचले असते.

काय घडले होते? मातीचा कण आपल्या अंगावर कॅल्शियम धरून असतो, तोवर कण एकत्र राहतात आणि मधून पाणी उतरते. कोरड्या हवेत मातीच्या ओलीतील कॅल्शियम चुन्याच्या रूपाने गोठते आणि कणांवर त्याची जागा सोडियम घेऊ लागतो. त्यात निचरा नसताना भरपूर पाणी दिले, की भूजल वर चढते आणि आपल्याबरोबर क्षार आणते. सोडियम वाढला की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात. एरवी कणांवरील सोडियमचे प्रमाण शेकडा पंधरा झाले की जमीन बिघडली असे मानतात. फुगणाऱ्या काळ्या मातीत शेकडा पाचच्या पुढेच त्रास सुरू होतो, असे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील संशोधकांनी दाखविले आहे. विदर्भातील पूर्णा खोऱ्यात तर पाटपाण्यावाचूनही हा बिघाड निसर्गतः झालेला आढळतो. आणि विरोधाभास असा, की अशा जमिनीत चुन्याची कमतरता नसते. तो विरघळत नाही, एवढेच. कणगी भरलेली असावी आणि घरात उपास पडावा, तशी तिची गत होते.

हे ज्ञान नवे होते असेही नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली सुरू झाले आणि त्या खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि ताम्हण्यांच्या पिढीतील आपल्याच माणसांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९१० सालीच लिहून ठेवले होते. मी ते परीक्षेपुरते वाचले होते. पुस्तकातला खड्डा पुस्तकाच्या गावचा राहिला, तो असा.

पुढे आम्ही चर खणले, जिप्सम टाकले, धैंचा गाडला. जिप्सम चुन्यापेक्षा लवकर विरघळते आणि कणांना कॅल्शियम पुरविते; हिरवळीचे खत कुजताना जो वायू सुटतो, त्याने गोठलेला चुनाही थोडाथोडा मोकळा होतो; आणि सुटलेला सोडियम चरातून बाहेर जातो. यांतला चर वगळला, तर इतर दोन्ही बहुतांशी वाया जातात. दहा वर्षांत तीन एकर पुन्हा ज्वारी देऊ लागले. एक एकर आजही उजाड आहे. वडिलांनी मला कधी दोष दिला नाही. संध्याकाळी ते त्या कोपऱ्यापर्यंत चालत जात, थोडा वेळ उभे राहत आणि परत येत. ते तीन एकर पुन्हा पिकले, ते पाहायला ते राहिले नव्हते.

मित्रहो, किलवणीत माझ्या गावचे संकट जसेच्या तसे येणार नाही; इथला पाऊस क्षार धुऊन नेतो. पण दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी या प्रदेशाला मिळाले, गेल्या काही दशकांत कारखाने आले, शेतजमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. पाणी कुठे साचते, पाया कशावर उभा राहतो, हे प्रश्न इथेही मातीलाच विचारायचे आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांच्या आजोबांना भाताचे खाचर कोणते आणि घराची जागा कोणती, हे नजरेने कळत असे. ते त्यांना विचारून घ्या, वहीत लिहून ठेवा, आणि मग खणून पाहा.

माझी शाळेला एकच विनंती आहे. गुरुजींच्या तसबिरीला हार घालाच. परंतु दिवाळीनंतर तो खड्डाही पुन्हा खणू लागा. पहिल्या वर्षी कुदळ मारायला मी येईन.