पडद्यावरील तोतया
(नाशिक येथे सरपंच व शिक्षकांपुढे केलेले भाषण)

मजुरीसाठी परगावी गेलेल्या मुलाचा चेहरा सुरगाण्याच्या पाड्यावर बसून पाहता येतो. व्हॉट्सॲपवर ही सोय २०१६ साली आली. परंतु त्याच पडद्यावर गणवेशधारी तोतयेही अवतरतात. ‘डिजिटल अटक’ झाल्याची बतावणी करून तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि आयुष्यभराची पुंजी लुबाडतात. नाशिकमधील निवृत्त मंडळीही यातून सुटलेली नाहीत. सरकारी शिक्क्याचा धाक शिकलेल्यांनाच अधिक, असे मला वाटते!

अशी अटक कायद्यात नाहीच. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. ग्रामसभेत हे अवश्य सांगावे. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम अन्य खात्यांत वळती होण्यापूर्वीच ती रोखता येते.